शनिवारची कोरी ओळ

थोरल्या साहेबांच्या इन्स्पेक्शनला तीन आठवडे उरले होते, तेव्हा मी आमच्या कचेरीतल्या सगळ्यांत कामसू माणसाला टेबलापाशी बोलावलं आणि आजारी पडायला सांगितलं.

"पण मला काही झालेलं नाही, अण्णा," चनबसप्पा म्हणाला.

"तेच चुकतंय. उद्यापासून ताप येऊ द्या. वैरागला जा, आईच्या हातचं खा. इन्स्पेक्शन होईपर्यंत सोलापुरात पाऊल टाकायचं नाही."

"आणि रेकॉर्ड रूम?"

"तिचं तुमच्याशिवाय काय होतंय ते बघायचंय म्हणूनच सांगतोय."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू ताप त्याला नसून मलाच आलाय. हेडक्लार्कानं कुणाला कामावर येऊ नको म्हणावं, हे त्यानं काय, मीही आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.

कचेरी कोणत्या खात्याची ते सांगत नाही. पेन्शन अजून चालू आहे. सोलापुरातली एक सरकारी कचेरी, साल एकोणीसशे तिसाच्या पुढचं, दिवस मंदीचे, एवढं पुरे. आमच्यावर एक देशी डेप्युटी, त्यांना आम्ही धाकटे साहेब म्हणायचो. त्यांच्यावर इंग्रज थोरले साहेब. ते वर्षातून एकदा तपासणीला यायचे आणि बाकीचं वर्ष आम्ही त्या तपासणीची भीती बाळगण्यात घालवायचो.

आता उमेदवार म्हणजे काय ते सांगतो, कारण हल्लीच्या मुलांना उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. आमच्या वेळी कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाला सरकारी नोकरी हवी असेल, तर तो आधी कचेरीत फुकट राबायचा. स्वतःचा टाक, स्वतःची दौत, बसायला स्वतःची सतरंजी. पगार नाही, हजेरीपटात नाव नाही. साहेब आले की उमेदवारांना मागच्या पडवीत पिटाळायचं, कारण कागदोपत्री ते अस्तित्वातच नव्हते. कारकुनानं जांभई द्यायची, उमेदवारानं कागद लिहायचा आणि खाली सही कारकुनाची. असं करता करता कुणी मेला, रिटायर झाला किंवा पैसे खाताना सापडला की एक जागा निघायची, बहुधा तालुक्याच्या कचेरीत. ती कुणाला द्यायची याची शिफारस हेडक्लार्क करायचा. म्हणजे मी.

चनबसप्पा बी.ए. होता. पुण्याच्या कॉलेजात शिकलेला, वैरागच्या भुसार दुकानदाराचा मुलगा. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर खोली घेऊन राहायचा, खानावळीत जेवायचा. आमच्या अख्ख्या कचेरीत दुसरा बी.ए. नव्हता. मी स्वतः मॅट्रिक, तेही दुसऱ्या दणक्याला. उमेदवारांना सगळे अरे-तुरे करायचे. याला मात्र मी अहो-जाहो करायचो, डिग्रीला घाबरून.

तीन वर्षं तो आमच्याकडे फुकट राबत होता. आला तेव्हा रेकॉर्ड रूम म्हणजे वाळवीचं माहेर होतं. जुनी प्रकरणं तांबड्या कापडात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणतो. एक रुमाल मागितला तर पट्टेवाला दुसराच आणायचा आणि त्यातून तिसऱ्याच गावचे कागद निघायचे. चनबसप्पानं वर्षभरात रुमालन् रुमाल सोडला. कायम ठेवायचे कागद वेगळे, वर्षानं जाळायचे वेगळे, प्रत्येकाला चिठ्ठी. पुढे तर कुठलाही कागद मागावा, हा पाच मिनिटांत आणून देई.

इथंच त्या बिचाऱ्याचं नशीब फुटलं.

त्या तीन वर्षांत तीन जागा निघाल्या. पहिलीच्या वेळी मी मनाशी म्हणालो, हा गेला तर रेकॉर्ड कोण बघेल? आणि त्याचा अर्ज पुढं पाठवलाच नाही. दुसरीच्या वेळीही तेच केलं. तिसऱ्या वेळी मी अर्ज पाठवला तर धाकटे साहेब म्हणाले, "गोविंदराव, याला तालुक्याला घालवून आपण काय करायचं? तो दुसरा पाठवा, तो इथं नुसता माशा मारतो." माशा मारणारा नोकरीला लागला. चनबसप्पा सतरंजीवरच राहिला आणि त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही.

मलाही वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो. वाटलं ते त्याचे वडील कचेरीत आले त्या दिवशी.

मल्लप्पा शेटजी सर्व्हिस मोटारीनं वैरागहून आले होते. डोक्याला रुमाल, धोतरावर रस्त्याची धूळ, हातात शेंगाच्या चटणीचा डबा. खुर्ची दिली तरी बसेनात.

"रावसायब, येक इचारू? राग न्हाय न्हवं?"

"विचारा की."

"ही उमेदवारी किती साल चालती म्हनायची? आमी लिंबू लावला तर चार-पाच सालांत लिंबं येत्यात. पोरगं तीन साल हितं बसतंय. पावनं येत्यात सोयरीक घिऊन, इचारत्यात, पोरगा काय करतुय? मी म्हंतो, सरकारात हाय. पगार किती, म्हंत्यात. मग मी गुळाची ढेप दावाया उठतो."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

"आन् दुसरं आसं," ते म्हणाले, "पुन्याला त्याला कुनी सांगितलं हुतं की, पंचविशी झाली की सरकारचं दार बंद. खरं हाय काय ते?"

"खरं आहे."

"मंग श्रावनात त्याची पंचविशी भरती की."

वैशाख चालू होता. मी बोटं मोजली. मधे ज्येष्ठ आणि आषाढ, बस्स. दोन जागा या माझ्या हातांनी, या टेबलाच्या खणात मी दाबून ठेवल्या होत्या. तो चटणीचा डबा टेबलावर होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. शरम वाटली, सरळ सांगतो. शेटजी गेल्यावर मी डबा घरी नेला, पण त्या रात्री भाकरीशी चटणी काही खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चनबसप्पाला म्हटलं, "जन्मतारखेत वर्षभराची जुळवाजुळव होते. पुष्कळ जण करतात. आमच्या कचेरीत दोन माणसं अशी आहेत की ती आपल्या धाकट्या भावांपेक्षा लहान आहेत."

"नको, अण्णा. दाखल्यावर जी तारीख आहे ती आहे."

"बी.ए. झाल्याचा हा तोटा," मी म्हणालो.

मग मी डोकं चालवलं. सरकारात जागा माणूस बघून निघत नाही, तुंबलेलं काम बघून निघते. इन्स्पेक्शनच्या वेळी एक यादी करतात, तिला एरिअर्स लिस्ट म्हणतात. कोणतं काम किती मागं पडलंय, त्याची ती यादी. काम फार तुंबलं असेल तर साहेब चिडतात, शिव्या देतात आणि जाताना एक जादा कारकून मंजूर करतात. आमची यादी तीन वर्षं 'निल' जात होती. म्हणजे आमच्याकडे जादा माणसाची गरज नाही, असं सरकारला आम्ही दर वर्षी लेखी कळवत होतो, आणि ते कळवण्याइतकं काम करत होता तो हाच जादा माणूस.

म्हणून मी त्याला आजारी पाडला.

पहिल्या आठवड्यात रेकॉर्ड रूमच्या दारात रुमाल साचले. दुसऱ्यात खिडकी झाकली गेली. एकदा धाकट्या साहेबांनी एक जुनं प्रकरण मागितलं. दोन दिवस शोधून आमच्या कारकुनानं त्यांना एका मेलेल्या घोड्याच्या वैरणीचं बिल नेऊन दिलं.

"गोविंदराव, हा काय धुमाकूळ आहे?"

"उमेदवार आजारी आहे, साहेब."

"मग दुसरा बसवा!"

"बसवला होता. तो चक्कर येऊन पडला."

सोलापूरचा उन्हाळा, पत्र्याची रेकॉर्ड रूम. कुणाला खोटं वाटलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तर मी दररोज दुपारी जाऊन ते ढीग डोळे भरून बघायचो. शेतकरी खळ्यावरची रास बघतो तसा. पुरा एक जादा कारकून निघेल एवढं पीक आलं होतं.

इन्स्पेक्शन मंगळवारी होतं. शनिवारी अर्धा दिवस, रविवार, आणि सोमवारी बादशहाच्या वाढदिवसाची सुट्टी. मंगळवारी सकाळी मी लवकर आलो. म्हटलं, शेवटचं दर्शन घ्यावं.

रेकॉर्ड रूमचं दार उघडलं.

एकही ढीग नव्हता. रुमाल मांडण्यांवर ओळीनं लावलेले, गाठी एकसारख्या, नव्या चिठ्ठ्या, फरशी झाडलेली. कोपऱ्यात सतरंजीवर चनबसप्पा बसला होता, डोळे तांबारलेले, बोटं शाईनं माखलेली. दारात हुसेन पट्टेवाला ओशाळून उभा.

"मैं क्या करूं साब," हुसेन म्हणाला, "शनिवार दुपेरकू आये. बोले, चावी देव, अन्ना की इज्जत का सवाल है. मैं दे दिया."

"अण्णा," चनबसप्पा म्हणाला, "वैरागला मोटारीत आपल्या कचेरीचा एक माणूस भेटला. म्हणाला, या खेपेला हेडक्लार्कची धडगत नाही, साहेब सोलून काढणार. मला राहवेना. माझ्यासाठी तुम्ही शिव्या खायच्या म्हणजे काय? तीन दिवसांत सगळं उरकलं बघा. आता चिंता नको."

दैव देतं आणि कर्म नेतं, ही म्हण लहानपणी पाठ केली होती. ती अशी सतरंजी टाकून समोर बसेल असं वाटलं नव्हतं. मला त्याला दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या आणि मिठीही मारावी वाटली. वेळ दोन्हीला नव्हता. बाहेर साहेबांची मोटार वाजली आणि चनबसप्पा सवयीनं मागच्या पडवीत गेला.

थोरले साहेब इंग्रजीतच बोलत, मी मराठीत सांगतो. त्यांनी रेकॉर्ड रूम बघितली, एक रुमाल मागितला, तो मलासुद्धा मिनिटात सापडला. त्यांनी भुवया उंचावल्या.

"एरिअर्स?"

"निल, सर," धाकटे साहेब आनंदानं म्हणाले.

"उत्तम. वरून हुकूम आहे की प्रत्येक कचेरीनं खर्च कमी करावा. हे ऑफिस इतकं नीट चालतं की यातून एक जागा सहज कमी करता येईल. बारनिशीचा, आवक-जावक टपालाचा, कारकून सध्या रजेवर आहे ना? त्याच्या बदली कोणी नाही, तरी काम निल. मग ती जागा कशाला?"

वाढवायला गेलो होतो एक आणि घटत होती एक. माझं डोकं फिरलं. तीस वर्षांत वरिष्ठांपुढं 'येस सर' सोडून शब्द काढला नव्हता, तो त्या दिवशी काढला.

"सर, हे काम स्टाफनं केलेलं नाही."

धाकटे साहेब खोकले. मी थांबलो नाही. उमेदवार, तीन वर्षं फुकट, बी.ए., श्रावणात पंचविशी, शनिवारपासून तीन दिवस एकट्यानं सुट्टीत बसून, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, साहेब भारावतील. खिशातून रुमाल काढतील.

साहेबांनी विचारलं, "किल्ली कोणी दिली?"

मग माझ्या लक्षात आलं की मी काय केलंय. सरकारी दप्तरात बाहेरचा माणूस, तीन दिवस, एकटा, किल्लीसकट. कायमचे कागद आणि जाळायचे कागद यानंच वेगळे केलेले. एखादा कागद याच्या धोतरात गेला असेल तर?

"उद्या बारा वाजेपर्यंत मला लेखी एक्स्प्लनेशन पाहिजे," साहेब म्हणाले. "ते समाधानकारक नसेल तर त्या इसमाचं नाव सरकारी नोकरीसाठी कायमचं बाद करीन. आणि डेप्युटी, तुमच्याबद्दलही विचार करावा लागेल."

श्रावणात बंद होणारं दार मी ज्येष्ठातच बंद करून ठेवलं होतं.

साहेब डाक बंगल्यावर गेले. धाकट्या साहेबांनी खोलीचं दार लावलं आणि मला म्हणाले, "गोविंदराव, तुमच्या जिभेला आजच पाय फुटायचे होते?"

"लिहू या काहीतरी, साहेब."

"काय लिहिणार? बाहेरचा माणूस आत होता हे तुम्हीच सांगितलंत."

"तो बाहेरचा होता हाच गुन्हा आहे. नोकर असता तर गुन्हा कसला? उलट सुट्टीत काम केलं म्हणून शाबासकी."

"पण तो नोकर नाही!"

"बारनिशीची जागा रजेमुळे रिकामी आहे. तीन महिन्यांच्या आतली टेंपररी नेमणूक करायचा अधिकार आपला आहे. आपण शनिवारी सकाळी ती केली असती तर?"

"आज मंगळवार आहे, गोविंदराव."

मी जाऊन जावक रजिस्टर आणलं. कचेरीतून सुटणाऱ्या प्रत्येक कागदाची तारीखवार नोंद यात होते, ओळीखाली ओळ. मधे काही घुसवता येऊ नये अशी सोय सरकारनं केलेली आहे. पण प्रत्येक शहाणा हेडक्लार्क रोज कचेरी सुटताना शेवटी एक ओळ कोरी सोडतो. का, ते कोणी विचारत नाही. माझ्या गुरूनं सोडली, मी सोडली, माझ्या हाताखालचे सोडत आहेत. साहेब लोकांची आठवण उशिरा जागी होते, तिला बसायला जागा लागते.

शनिवारची ओळ कोरी होती. धाकट्या साहेबांनी ती पाहिली, मग खिडकीबाहेर पाहिलं.

"आणि तुम्ही साहेबांसमोर त्याला उमेदवार म्हणालात, त्याचं काय?"

"माझी चूक झाली म्हणायचं. तीन वर्षं उमेदवार म्हणायची सवय, तोंडून निघून गेलं."

"तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे. माझ्या खणात त्याचे दोन अर्ज आहेत, साहेब. ते काही आपण दाबलेले नाहीत."

मग त्यांनी टाक उचलला आणि शनिवारच्या तारखेचा हुकूम लिहिला. तो मी त्या कोऱ्या ओळीत चढवला.

राहिला चनबसप्पा. त्यानं शनिवारच्या तारखेचा हजर रिपोर्ट लिहून द्यायला हवा होता, म्हणजे 'मी आज कामावर हजर झालो' असा चार ओळींचा कागद. मला याचीच धास्ती होती. दाखल्यावरची तारीख न बदलणारा माणूस तो.

"हे खोटं आहे, अण्णा," तो म्हणालाच.

"शनिवारी दुपारी तुम्ही कुठं होतात?"

"रेकॉर्ड रूममध्ये."

"काय करत होतात?"

"काम."

"कुणाचं?"

"सरकारचं की."

"मग हजर असणं म्हणजे आणखी काय असतं? तीन वर्षं तुम्ही हजर होतात आणि आम्ही तुम्हाला गैरहजर लिहीत होतो. ते खोटं होतं. हे नाही."

मग त्यानं टाक दौतीत बुडवला. सही करताना त्याचे डोळे भरून आले आणि शाईवर पाणी पडू नये म्हणून त्यानं मान वळवली. कागद खराब होऊ द्यायचा नाही ही सवय तेव्हाही सुटली नाही.

बुधवारी बाराच्या आत एक्स्प्लनेशन पोचलं. थोरल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं, असं हुसेन सांगत होता. साहेब मूर्ख नव्हते. पण कागद नीट होता, नंबर बरोबर होता, आणि नीट कागदापुढं सरकारचं काही चालत नाही. त्यांनी फाईलवर 'पाहिलं' लिहिलं. जागा कमी करायची गोष्टही बारगळली, कारण आता त्या जागेवर माणूस होता. पुढं रजेवरचा कारकून परत आलाच नाही, त्यानं सासुरवाडीला तेलाचं दुकान काढलं. आणि चनबसप्पा पंचविशी भरायच्या आत नोकरीत शिरलेला असल्यामुळे त्याच जागेवर कायम झाला.

मल्लप्पा शेटजी पुन्हा आले. या वेळी न सांगता खुर्चीत बसले.

"मी घरात समद्यांना सांगत हुतो," ते म्हणाले, "परामानिक काम केलं की सरकार आज ना उद्या देतंच. तसंच झालं न्हवं?"

चनबसप्पा समोरच बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"व्हय, शेटजी," मी म्हणालो, "तसंच झालं."

"माजा भाचा बी यंदा इंटर झालाय. लई हुशार. त्याला बी आनू का उमेदवारीला?"

"आणा की. फक्त त्याला सांगून ठेवा, काम बेतानं करायचं."

शेटजी खदखदून हसले. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं.

रिटायर होताना सर्व्हिस बुक माझ्या हातात आलं. त्यात नोकराची सगळी पापपुण्यं लिहिलेली असतात. दाबलेल्या दोन अर्जांबद्दल त्यात अक्षर नाही. आजारी पाडलेल्या माणसाबद्दल नाही. कोऱ्या ओळींबद्दल तर नाहीच. सगळीकडे 'विश्वासू' आणि 'समाधानकारक'. साऱ्या नोकरीत वाईट शेरा एकच. तो त्या मंगळवारचा, मी थोरल्या साहेबांना खरं सांगितलं त्याबद्दलचा. 'वरिष्ठांना चुकीची माहिती दिली. सक्त ताकीद देण्यात आली.'